इंजिन बसवताना

गाडीचं मागचं सीट ओसरीवर येऊन आता वर्ष होईल. तपकिरी रेक्झिनचं, मधोमध दबलेलं, डाव्या कडेची शिवण उसवून काथ्या बाहेर आलेला. पुतण्याने ते काढून भिंतीला टेकवून ठेवलं, तेव्हा चार दिवसांत माळ्यावर जाईल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आईने ते ओढून खांबाजवळ आणलेलं, वर जुनी वाकळ घातलेली, आणि ती त्यावर बसून शेंगा फोडत होती. समोर सूप, मांडीशी टरफलांचा ढीग. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "असू दे हितंच. बसायला चांगलंय." मग टरफल बोटांनी चुरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्याच्यावर बसूनच तर सगळी देवदेवं केली."

ते खरंच आहे. अण्णा गाडी चालवायचे आणि त्यांच्या शेजारी नेहमी कुणीतरी मोठं माणूस असायचं. आजोबा, आत्याचे यजमान, रहिमतपूर स्टेशनवरून आणलेले पाहुणे. आई मागे, बरोबर अण्णांच्या पाठीशी. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ, पायाशी फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचं गाठोडं. पुढची जागा रिकामी असली तरी ती मागेच बसायची. पंढरपूर, जेजुरी, कोल्हापूर, तुळजापूर, सगळे रस्ते तिने अण्णांच्या खांद्यावरून पाहिले.

गाडी प्रीमियर पद्मिनी, पण घरात तिला कधी कुणी पद्मिनी म्हटलं नाही. ती फियाटच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली उभ्या केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर. अण्णा गेले तशी ती गोठ्याच्या पडवीत उभी राहिली. वर्षातून एकदा, दसऱ्याला, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची, बस. 30 ऑक्टोबर 2023ला मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने रस्ता सोडला, ती बातमी संध्याकाळी टीव्हीवर दाखवत होते. त्याच रात्री सांगलीहून पुतण्याचा फोन आला. "काका, आजोबांची गाडी चालू करू या."

त्याच्या मनातली गाडी मात्र वेगळी होती. तो इंजिनिअरिंग शिकतो, त्याला स्पोर्ट्स कार हवी होती. दोनच माणसांची, जमिनीलगत बसलेली, वळणावर न डोलणारी, चढ दिसला की दम धरून उसळणारी. मला अण्णांची फियाट हवी होती, तिच्या त्याच आवाजासकट. निकाल त्या जुन्या इंजिनानेच लावला. मेस्त्रींनी हेड उतरवलं आणि बोटाने कडेला दाखवलं. चौथ्या सिलिंडरच्या भिंतीला उभी चीर होती, केसाएवढी. आतल्या पाण्याच्या वाटा गंजून बुजलेल्या. इतकी वर्षं आम्ही पाणी बदललं नाही, काढलं नाही, बघितलं नाही. दोष आमचाच. मेस्त्री त्या चिरेवरून नख फिरवत राहिले, बराच वेळ. "हे न्हाई उठायचं आता, मास्तर," एवढंच म्हणाले.

म्हणून जिप्सीचं इंजिन आलं. पाटणकडच्या एका जिप्सीचा पत्रा पावसाने खाल्ला होता, इंजिन मात्र ठणठणीत. 1298 सीसी, कार्बोरेटरवर चालणारं, ब्लॉकसुद्धा अल्युमिनियमचा. आरटीओची परवानगी काढली, आरसी बुकावर बदल चढवून घेतले, आणि चैत्रात कामाला हात घातला. जुनं बिडाचं इंजिन साखळीने उचलून बाहेर काढलं, तेव्हा गाडीची पुढची बाजू चार बोटं वर आली. नवं आत ठेवल्यावर ती पुरती खाली बसली नाही. इतकी वर्षं पेललेलं ओझं गेल्याचं तिच्या स्प्रिंगांना कळलं होतं.

इंजिन बसवायचं. हा शब्द तेव्हापासून माझ्या तोंडात घोळतो आहे. मी जन्मभर मराठी शिकवलं, पण या एका क्रियापदाकडे कधी थांबून पाहिलं नव्हतं. आपल्याकडे केवढं काय काय बसतं! नवरात्रात घट बसतात. भाद्रपदात गणपती बसतो. गावात नाटक बसवतात, गवयाच्या गळ्यावर राग बसतो, नवी वहाण चार दिवस चावून मग पायाला बसते, नव्या संसाराची घडी बसते. आणि पुन्हा, आवाज बसतो, धंदा बसतो, पावसाने भिंत बसते, चढावर बैल बसतो. तेलाशिवाय चालवलेलं इंजिन बसतं. जमून येणं आणि कायमचं थांबणं या दोन्हींना आपण एकच शब्द ठेवला आहे. मेस्त्री एका गिऱ्हाइकाला "इंजिन बसलं" म्हणतात तेव्हा तो पेढे आणतो, दुसऱ्याला म्हणतात तेव्हा तो डोकं धरून बाकावर टेकतो. शब्द तोच असतो, सूर वेगळा लागतो.

सूर हाच मेस्त्रींचा धंदा. त्यांचं गॅरेज वडूजच्या रस्त्याला चिंचेखाली आहे. साठी उलटली, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, पण कान पोरवयाचे. चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. टोक इंचभर सरकवायचं, पुन्हा ऐकायचं. त्या वेळी गॅरेजमधली पोरं पानासुद्धा खाली ठेवत नाहीत. ही विद्या त्यांना वडिलांकडून आली. वडील विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत खटाव-माणच्या वाड्यावस्त्या पायी फिरायचे.

विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज माझ्याही झोपेत भिनलेला आहे. या दुष्काळी पट्ट्यात ते घरातल्या माणसासारखं होतं. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या कळायचं, हे पलीकडच्या मळ्यातलं, हे ओढ्याकाठचं. वैशाखात विहिरीचं पाणी तळाला गेलं की फूटव्हॉल्व्ह उघडा पडायचा, पंपात हवा शिरायची, ओझं सुटायचं आणि इंजिन एकदम हलकं होऊन धावायला लागायचं. त्या हलक्या आवाजाने घरातली मोठी माणसं उठून बसायची. जड आवाज म्हणजे पाणी चालू आहे, झोपा. हलका झाला की संपलं. मी लहानपणी शिकलेला हा बहुधा पहिला अर्थ, अक्षरओळखीच्याही आधीचा.

ती इंजिनं बहुतेक किर्लोस्करांची असत. आणि किर्लोस्करवाडी तर आमच्याच औंध संस्थानातली. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणरावांना तिथून हलायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली. साल 1910. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान आणि त्यात साप. तिथे लोखंडी नांगर तयार झाले. लोखंडाने जमिनीला विष लागतं म्हणून शेतकरी ते सुरुवातीला घेईनात. नांगर जमिनीत रुतायच्या आधी माणसांच्या मनात बसावा लागला. रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडीचं स्टेशन आलं की मला तो कारखाना दिसायच्या आधी ते निवडुंग दिसतात. आता तिथे निवडुंग नाही, तरी दिसतात.

पहिला स्टार्टर मारला तो दिवस विसरणार नाही. पुतण्या आत, मेस्त्री बॉनेटशी, मी मडगार्डवर हात ठेवून उभा. चावी फिरवली. इंजिन अर्धवट कण्हलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच, आजारी माणसाने कूस बदलावी तसं. तिसऱ्या वेळी डॅशबोर्डखालून धुराची बारीक रेघ निघाली आणि प्लास्टिक करपल्याचा वास आला. मेस्त्रींनी हातातला पाना टाकून बॅटरीची वायर हिसकून काढली. चोकची केबल तापून लाल झाली होती, तिचं वरचं आवरण वितळून गळत होतं.

चोकच्या केबलचा स्टार्टरशी काय संबंध? मला काही उमगेना. पुतण्या गप्प झाला. मेस्त्री गाडीखाली सरपटत गेले, आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "अर्थिंगच न्हाई!" इंजिन रबराच्या फाउंडेशनवर ठेवलेलं असतं. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनाचं अंग आणि गाडीचं अंग एका जाड वेणीदार पट्टीने जोडायचं असतं, म्हणजे बॅटरीतून स्टार्टरकडे गेलेल्या करंटला परत यायला वाट मिळते. ती पट्टी जुन्या इंजिनाबरोबर निघाली होती आणि आम्ही नवी लावायला विसरलो होतो. परत यायची वाट नाही म्हटल्यावर करंटने स्वतःच वाट शोधली. इंजिनाला आणि गाडीला लोखंडाने जोडणारं काहीतरी हवं, तर ती बिचारी चोकची केबल. जिचं काम हवेची एक झडप ओढण्याएवढं, तिच्या अंगावरून सगळा भार गेला.

नवी पट्टी लावली आणि इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. केबलही बदलून झाली. जुनी मी टाकू दिली नाही, ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. घराघरांतून अशी माणसं मी पाहिली आहेत. दोन मोठी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्यांच्यातला सगळा ताण एखाद्या लहान पोराच्या अंगावरून जात राहतो.

औंधच्याच इतिहासात एकदा असं मोठं यंत्र बदललं गेलं होतं. तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं, 72 गावांचं हे लहानसं संस्थान. आटपाडी इकडे, कुंडल तिकडे, मधे दुसऱ्यांचा मुलूख. 1938 साली राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं आणि जानेवारी 1939मध्ये नवी घटना अमलात आली. ती घडवण्यात राजपुत्र आप्पासाहेब पंतांबरोबर मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा माणूस होता, पेशाने इंजिनिअर. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन त्यांनी गावच्या पंचायतीपासून वर चढत जाणारी रचना उभी केली. 8 मार्च 1948ला संस्थान विलीन झालं, म्हणजे ती जेमतेम नऊ वर्षं चालली. अण्णा त्या वेळी पोरगेले होते. त्यांना आठवायचं ते एवढंच, की गावातली माणसं एकाएकी मोठ्याने बोलायला लागली होती. मेस्त्री गाडीखालून ओरडले त्या दिवसापासून मला वाटतं, फ्रीडमन साहेबांना ही अर्थिंगची गोष्ट सांगायला हवी होती. त्यांना ती लगेच समजली असती.

नंतरचा उन्हाळा तापण्यात गेला. मूळपीठाच्या डोंगरावर, यमाईच्या वाटेवर, संग्रहालयापर्यंत जो चढ जातो तीच आमची परीक्षा. गाडी निम्म्या चढाला पोचायची आणि तापमानाचा काटा लालाकडे झुकायचा. पुतण्याने रेडिएटर बदलू म्हटलं, पंखा मोठा लावू म्हटलं. मेस्त्रींनी फक्त दोन होस पाइपांवर दोन हात ठेवले. वरचा चटका देणारा, खालचा गार. पाणी फिरतच नव्हतं. फियाटचा रेडिएटर बुटका आणि नव्या इंजिनाचं पाण्याचं तोंड त्याहून उंच, म्हणून रेडिएटर काठोकाठ भरला तरी इंजिनाच्या माथ्यात हवेचा बुडबुडा अडकून राहायचा. पुढची चाकं बांधावर चढवून गाडीचं नाक वर केलं, झाकण काढून इंजिन चालू ठेवलं, आणि मेस्त्री पाइप मुठीत धरून दाबत राहिले, गाईचं दूध काढावं तसे. कितीतरी वेळ काही नाही. मग गुळगुळ असा आवाज होऊन एक मोठा बुडबुडा फुटला आणि पाण्याची पातळी वीतभर खाली गेली. रिकामी जागा एवढी होती! पुढे कराडला पितळेची लहान टाकी करून घेतली आणि ती सगळ्यांत उंच जागी बसवली. आता पाणी तिथून भरायचं.

त्या दिवसांत देवराष्ट्र्याच्या जीपची आठवण वारंवार निघायची. सागरेश्वरच्या कुशीतलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातलं सामान गोळा करून एक छोटी जीप बनवली, मुलाची हौस म्हणून. खर्च साठ हजारांच्या घरात. डाव्या बाजूला स्टिअरिंग, आणि गाडी सुरू करायची ती दुचाकीसारखी किक मारून. 2021च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, ही गाडी नियमात बसणार नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022मध्ये ती त्या घरी आली. लोकांना बोलेरोची गोष्ट आठवते. मी मात्र तो व्हिडिओ परत परत पाहिला तो किकसाठी. लोहार उभे राहतात, पाय उचलतात, आणि तो पाय खाली येईपर्यंतच्या क्षणात त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नसते. त्या खात्रीच्या आधी किती रात्री गेल्या असतील? कुठला जोड तीनदा तुटला असेल, कुठली साखळी उतरली असेल, ते कुणी विचारलं नाही. यंत्र चाललं की त्याच्या न चालण्याचे दिवस पुसले जातात. मला तेच दिवस हवे असतात.

आमच्या न चालण्याचा सगळ्यांत लांब काळ होता थरथरीचा. जिप्सीला चार चाकांना ताकद वाटणारी वेगळी पेटी असते. आम्हाला ती नको होती, म्हणून काढून टाकली. नंतर लक्षात आलं की वेग दाखवणारी केबल त्याच पेटीतून निघते. तेव्हापासून फियाटच्या स्पीडोमीटरचा काटा शून्यावर आहे. गाडी कितीही पळाली तरी अण्णांच्या वेळचा तो आडवा पट्टा शून्यच दाखवतो. पुतण्या मोबाइल मांडीवर ठेवून त्यावरचा वेग मोठ्याने वाचायचा. "बावन्न. पंचावन्न. अठ्ठावन्न." आणि साठाच्या आसपास ते सुरू व्हायचं. आधी पायाच्या तळव्यांना, मग सीटखाली, मग आरसा असा थरथरायचा की मागचा रस्ता धुक्यात जायचा.

गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद केलं, उतारावर नुसती सोडली, तरी थरथर तीच. म्हणजे इंजिन निर्दोष. चाकं बॅलन्स केली, टायर बदलले, बेअरिंगं पाहिली. दोन महिने गेले. पुतण्या शनिवारी सांगलीहून यायचा आणि रविवारी रात्री तोंड पाडून परत जायचा. आई त्याच्या डब्यात लाडू भरताना मला खुणेने विचारायची, "बसलं का?" मी मानेने नाही म्हणायचो.

एका रविवारी मेस्त्री शेजारच्या बांधकामावर गेले आणि गवंड्याचा ओळंबा मागून घेऊन आले. पितळी, टोकाशी झिजलेला, पांढऱ्या सुताचा. गाडी चार दगडांवर चढवलेली. गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट आम्ही एका लेथवर नवा करून घेतला होता. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे जोड असतात, दोन बोटांच्या चिमट्यासारखे योक. मेस्त्री पाठीवर आडवे झाले. पुढच्या योकची दोन बोटं बरोबर उभी येईपर्यंत त्यांनी शाफ्ट हाताने फिरवला. सूत सोडलं, ओळंबा डोलला, डोलायचा थांबला. सूत दोन्ही बोटांच्या मधोमध. मग ते तसेच सरपटत मागे आले आणि मागच्या योकशी सूत धरलं. तिथे ती दोन बोटं सुताला सोडून कलली होती. घड्याळाचा काटा बारावर असायला हवा आणि तो एकवर असावा, तेवढीच.

मेस्त्री खालून हसले. माझ्या आठवणीत ते मोठ्याने हसल्याची ती एकच वेळ.

त्यांनी खडूने जमिनीवर चित्र काढून मला समजावलं, आणि पुढे पुतण्याने त्याचं गणित दाखवलं. क्रॉसचा जोड तिरका फिरतो तेव्हा तो एकसारखा फिरत नाही. अलीकडचा दांडा एका चालीने फिरत असला तरी पलीकडचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे जातो, दोनदा किंचित मागे राहतो. हा जोडाचा दोष नाही, तो त्याचा स्वभावच. म्हणून दुसऱ्या टोकाला तसाच आणखी एक जोड देतात. दोघांची बोटं एका रेषेत असतील आणि दोघांचा तिरकेपणा सारखा असेल, तर पहिला जेव्हा पुढे धावतो तेव्हा दुसरा तेवढाच मागे राहतो, आणि शेवटी चाकाकडे जाते ती सरळ, शांत गती. आमचा शाफ्ट वेल्ड करताना मागचं टोक जरा फिरून जोडलं गेलं होतं. साठाच्या वेगाला तो सेकंदाला 35-40 फेरे घेतो. त्या प्रत्येक फेऱ्यात दोघांचं पाऊल चुकत होतं.

हा जोड इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने 17व्या शतकात बारकाईने अभ्यासला. त्याचं लक्ष ज्या साम्याकडे गेलं ते वाचून मी थक्क झालो. छायायंत्राच्या सपाट तबकडीवर सावली सरकते ती अशीच, कधी रेंगाळत, कधी भरभर. सूर्याची चाल सारखी, सावलीची मात्र असमान, आणि ती असमानता या जोडाच्या असमानतेशी जुळते. ते वाचलं तेव्हा मला देवळापुढची दीपमाळ आठवली. वैशाखात शाळेला सुटी लागली की आम्ही तिच्या सावलीत गोट्या खेळायचो. सकाळभर सावली जागची हलत नसे, आणि भर दुपारी एकाएकी कूस बदलून पलीकडे जात असे. खेळ अर्धा टाकून आम्हाला तिच्यामागे पळावं लागायचं.

शाफ्ट कापून, फिरवून, पुन्हा जोडून आणला. कराडला बॅलन्स करून घेतला. गिअरबॉक्सखाली दोन वायसर घालून तिरकेपणा जुळवला. त्या संध्याकाळी पुतण्या आकडे वाचत गेला आणि साठ आला तरी वाचत राहिला. आरशात मागचा रस्ता स्पष्ट होता. दोन्ही बाजूंची ज्वारी, उडणारी धूळ, धुळीतून येणारा एक सायकलवाला.

दिवाळीच्या आधी औंधला गाण्याचा उत्सव असतो. अंतूबुवा जोशींनी सुरू केलेला, गजाननबुवांनी आणि त्यांच्या शिष्यांनी वाढवलेला. गजाननबुवा आमच्या संस्थानचे गवई. रामकृष्णबुवा वझे, भूर्जी खाँ, विलायत हुसेन खाँ अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या गुरूंकडे ते शिकले, ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा, आणि हातात व्हायोलिनही. गेल्या उत्सवात मांडवात बसून ऐकताना मला प्रथमच वाटलं, की एका गळ्यात तीन घराणी बसवताना त्यांचीही कुठेतरी थरथर झाली असेल. एका घराण्याची तान दुसऱ्याच्या लयीशी अडली असेल, साठाच्या वेगाला आरसा धूसर झाला असेल. गाणं ऐकणाऱ्यापर्यंत येतं तेव्हा ते सगळं पुसून आलेलं असतं. पहाटे तंबोरे पुन्हा जुळवायला घेतले. गवई खुंटी पिळत होते आणि मेस्त्री माझ्या शेजारी डोळे मिटून ऐकत होते. त्यांना राग ओळखू येत नाहीत. तार कुठे बसली, ते मात्र त्यांना गवयाच्या बरोबरीने कळलं. मान हलली.

पौषातल्या यात्रेच्या आधी एका मंगळवारी आई म्हणाली, मला वर देवीला घेऊन चला. नवं लुगडं नेसून, खणानारळाची ओटी ताटात घेऊन ती दाराबाहेर आली आणि सरळ गाडीच्या मागच्या दाराशी गेली. दार उघडलं. आत पत्रा होता, एक जॅक, एक पाण्याचा कॅन. ती तशीच दाराला धरून उभी राहिली. पुतण्याने पुढचं दार उघडलं. "आजी, इकडून." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पदर आवरून, ताट सांभाळत, सावकाश आत बसली. समोरच्या काचेतून बघत राहिली. "हितनं सगळंच दिसतं की," म्हणाली, कुणालाच उद्देशून नव्हे.

ती दोघं गेली. मी आणि मेस्त्री दारात उभे राहून ऐकत होतो. तळ्यावरून पहिला, वळणावर दुसरा, मग चढ लागल्याचा भरीव आवाज. जड, म्हणजे चांगलं चाललंय. अजून एक गोष्ट सुटायची राहिली आहे. तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की कुठूनतरी टिकटिक येते, कधी येते, कधी नाही. तीन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर लावून झाला, सापडलेली नाही. गाडी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गेली तसा आवाज बुडाला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मेस्त्रींनी हात वर करून मला थांबवलं, चष्मा काढला, आणि डोंगराकडे कान केला.